केसिस्टमलॉगच्या क्लासला दोन तारे: तुमच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला आणि आज सकाळी दुकानातल्या दोन्ही मुलांना वाचून दाखवला. तुमचं म्हणणं असं: रविवारच्या क्लासमध्ये केसिस्टमलॉग (मशीनच्या नोंदी, म्हणजे लॉग, दाखवणारा प्रोग्राम) छान चालला, पण ऑफिसात उघडला तर ‘सिस्टम लॉग’मध्ये फाइलच सापडेना आणि जर्नलमध्ये जेमतेम चार-पाच ओळी. फोन केला तर ‘रूट म्हणून उघडा’ (रूट म्हणजे सगळे अधिकार असलेला यूजर) असं सांगितलं गेलं. जिथे काही दिसलं तिथे लाल ओळी, त्याने घाबरायला झालं. आणि फुकटच्या सॉफ्टवेअरचे 600 रुपये कशाबद्दल?

चूक आमची आहे. क्लासमधल्या मशीनवर उबुंटू आहे, तुमच्या ऑफिसात डेबियन 12 (दोन्ही लिनक्सचेच प्रकार), आणि तेही आम्हीच टाकून दिलेलं. उबुंटू टाकताना जो पहिला यूजर तयार होतो तो आपोआप ‘एडीएम’ ग्रुपमध्ये जातो आणि त्या ग्रुपला लॉग वाचता येतात. डेबियनमध्ये तसं होत नाही. शिवाय 2023 साली आलेल्या डेबियन 12 मध्ये सिसलॉगची, म्हणजे सिस्टमच्या नोंदींची, फाइल लिहिणारा आरसिसलॉग हा प्रोग्राम मुळात बसवलेलाच नसतो. नोंदी सगळ्या सिस्टमडीच्या (मशीनवरच्या सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या भागाच्या) जर्नलमध्ये, म्हणजे नोंदवहीत, जातात. म्हणजे केसिस्टमलॉग जी फाइल शोधत होता ती तुमच्या मशीनवर कधी तयारच झाली नव्हती. जर्नल आहे, पण ग्रुपमध्ये नसलेल्या यूजरला त्यातल्या फक्त स्वतःच्या नोंदी दिसतात. तुमच्या त्या चार-पाच ओळी याच. प्रोग्राम बिघडलेला नाही आणि तुमच्या हातूनही काही चुकलेलं नाही.

उपाय पाच मिनिटांचा आहे. तुमच्या यूजरला ‘सिस्टमडी-जर्नल’ या ग्रुपमध्ये घालायचं. कमांड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आहे, तशीच टर्मिनलमध्ये चिकटवा. मग पूर्ण लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा. नुसतं टर्मिनल बंद करून भागत नाही, बरेच जण इथेच अडकतात. त्यानंतर केसिस्टमलॉगमध्ये ‘सिस्टम लॉग’ सोडून जर्नल उघडा. खात्री करायची असेल तर ‘फाइल’ मेन्यूत ‘अ‍ॅड लॉग एन्ट्री’ आहे, तिथे ‘चाचणी’ असं लिहून ओके करा. तीच ओळ वेळेसकट यादीच्या तळाशी उमटली की समजा, जमलं.

‘रूट म्हणून उघडा’ हा सल्ला चुकीचा होता, तो मी मागे घेतो. नुसतं वाचायचं असताना आख्खा प्रोग्राम रूटच्या अधिकारात चालवला, तर त्यातल्या एखाद्या दोषाला सगळं मशीन मोकळं मिळतं. असा सल्ला आमच्याकडून पुन्हा कुणाला जाणार नाही.

आता लाल ओळी. तुमच्या फोटोत ‘एसीपीआय बायोस एरर’ असं सहा वेळा दिसतंय, आणि वेळ बघा: सगळ्या ओळी मशीन सुरू होतानाच्या आहेत. मदरबोर्डच्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये) काही गोष्टी अर्धवट राहिलेल्या असतात, कर्नल (लिनक्सचा गाभा) तेवढं नोंदवतो आणि पुढे जातो. मशीन नीट चालत असेल तर या ओळींसाठी झोप घालवू नका. पण वरच्या फिल्टरच्या चौकटीत ‘आय/ओ एरर’ (वाचण्या-लिहिण्यातली चूक) इंग्रजीत टाइप करा, आणि डिस्कच्या नावासकट एक जरी ओळ आली तरी त्याच दिवशी बॅकअप घ्या. गेल्या वर्षी एका किराणा दुकानदारांच्या मशीनवर ही ओळ दर थोड्या वेळाने येत होती. ते महिनाभर ‘मशीन जरा हळू झालंय’ एवढंच म्हणत राहिले. लॉग कुणी उघडलाच नाही. डिस्क गेली, आणि तीन महिन्यांची बिलं त्यांच्या मुलीने वहीवरून परत टाकली. हा क्लास मी त्यानंतर सुरू केला. ‘आउट ऑफ मेमरी’ही असंच शोधून बघा; मेमरी संपल्यावर कर्नल एखादा चालू प्रोग्राम बंद करतो, आणि आपल्याला वाटतं तो उगाच बंद पडला.

पैशांबद्दल. केसिस्टमलॉग मोफतच आहे, केडीई या मोफत सॉफ्टवेअर बनवणाऱ्या गटाचा आहे, कुणीही उतरवून घ्यावा आणि आमच्याकडे येऊच नये असंही चालतं. 600 रुपये शिकवण्याचे होते. पण आमच्या पत्रकावर ‘मोफत’ हा शब्द मोठ्या अक्षरांत आणि फी खाली बारीक अक्षरांत होती, तेव्हा तुमचा राग रास्त आहे. पत्रक बदलायला दिलं आहे. तुमच्याच मशीनवर चालेल असं शिकवलं नाही, म्हणून हे पैसे मी परत करतो आहे. यूपीआय नंबर तेवढा कळवा.

कमांड दिल्यावर ‘परमिशन डिनाइड’ आलं तर थांबा, दुसरं काही करून बघू नका. बुधवारी दुपारी मी तुमच्याच भागात आहे, येऊन बघून जातो. त्याचे पैसे नाहीत.