कासव

प्रतीक्षालयात बराच वेळ बसावे लागणार हे कळताच मी पिशवीतून कागदाचा चौकोन आणि काळे पेन बाहेर काढले, आणि शेजारच्या खुर्चीवरील गृहस्थांनी आपला चष्मा.

झेंटॅंगल हा कागदावर नक्षी काढण्याचा प्रकार मन शांत करण्यासाठी आहे, असे तो रूढ करणारे अमेरिकेतील रिक रॉबर्ट्स आणि मारिया थॉमस सांगतात. साडेतीन इंचांच्या चौकोनाला ‘टाइल’ म्हणतात. तिच्या चार कोपऱ्यांत पेन्सिलीने ठिपके द्यायचे, ते जोडून चौकट करायची, आत एक सैलसर रेघ फिरवून कप्पे पाडायचे आणि एकेक कप्पा पेनाने नक्षी काढत भरायचा. चित्र कशाचेही नसते, टाइलला वरची किंवा खालची बाजू नसते आणि खोडरबर वर्ज्य असतो.

मी कडेने अर्धचंद्र काढून त्यांच्याभोवती वलये वाढवत होतो.

“कासव काढताय वाटते,” गृहस्थ म्हणाले.

“नाही, हे कशाचेच चित्र नाही.”

“पण पाठ तर कासवाचीच आहे.”

“ती नुसती नक्षी आहे.”

“मग उलटे धरले असेल,” असे म्हणून त्यांनी टाइल माझ्या हातातून घेतली आणि चारही बाजूंनी फिरवून पाहिली. हिला सुलटी बाजूच नसते, हे मी शक्य तितक्या शांतपणे समजावले. त्यांनी तितक्याच शांतपणे ऐकून घेतले आणि मला धीर दिला, “हरकत नाही. शिकलात की जमेल.”

त्यांच्या अंगात चौकडीचा सदरा होता. तो कशाचे चित्र आहे, असे त्यांना आजवर कोणीही विचारले नसणार. कापडावरच्या, फरशीवरच्या, पडद्यावरच्या नक्षीला सगळे जग बिनतक्रार नक्षी म्हणते. तीच एखाद्याने कागदावर हाताने काढली, की मात्र तिच्यात प्राणी सापडल्याशिवाय कोणाचे समाधान होत नाही.

तोवर माझे पेनही त्यांच्या हातात गेले होते. त्याचे टोक पाव मिलिमीटर जाडीची रेघ काढणारे असते आणि ते कागदावर अलगद टेकवायचे असते. गृहस्थांनी अर्ज भरताना द्यावा तसा जोर देऊन एका कोपऱ्यात डोळा काढला. टोक आत गेले ते गेलेच. “आता झाले कासव,” ते म्हणाले.

या पद्धतीत चूक असे काही नसते, अनपेक्षित रेघेतूनच नवी नक्षी फुलवावी, असा उपदेश आहे. तो स्वतःच्या हाताबद्दल ठीक आहे. दुसऱ्याच्या हाताबद्दल त्यात अवाक्षर नाही. तरीही मी उरल्यासुरल्या टोकाने त्या डोळ्याभोवती वलये काढली, तर त्यांच्या पापण्या झाल्या. पेन्सिलीने छटा दिली, तेव्हा कासवाला झोप आल्यासारखी वाटू लागली. शेवटी विधीप्रमाणे आद्याक्षरे घालायला गेलो, तर तिथे गृहस्थांची लफ्फेदार सही आधीच झाली होती.