धरमपेठकर काका, बाग टेकडीवरून सुरू होते

धरमपेठकर काका, नमस्कार.

माझ्या मागच्या लिखाणावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एकदा रागात, एकदा चहासोबत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या बार्टन स्प्रिंग्सचे, म्हणजे झऱ्याच्या पाण्यावरच्या पोहण्याच्या तलावाचे, मी गोडवे गातो आणि आपल्या नागपूरच्या अंबाझरी तलावाकाठच्या बागेत चालायचा ट्रॅक वाढवायचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं. टेक्सासचं नागपूरला काय लागू? आणि गुडघे दुखणाऱ्या माणसांनी फिरावं कुठं?

गुडघ्यांचं आधी. ट्रॅकला मी ‘हौस’ म्हटलं, ते चुकलं. बाकं, सावली, बायकांसाठी स्वच्छ संडास, हे मागण्यात कसली हौस? शब्द मागे घेतो.

पण झिलकर पार्कची, म्हणजे बार्टन स्प्रिंग्स ज्या बागेत आहे तिच्या सुधारणेची, योजना गुंडाळली म्हणून मी खूश झालो, हे नामंजूर. लोक बिथरले ते पार्किंगच्या इमारती आणि खुल्या रंगमंचावर. ऑगस्ट २०२३ मध्ये सगळंच थांबलं. त्याच योजनेत गवताळ जमीन आणि झाडी परत आणायचंही काम होतं, तेही सोबत गेलं.

मला तिथलं आवडतं ते वेगळंच. तलाव जेमतेम तीन एकरांचा, पाणी बारमाही २०-२१ अंशांचं. (दर गुरुवारी सफाईसाठी बंद! आपल्याकडे असं करून पाहा, पहाटे पाचला गेटवर भांडण.) पण ते पाणी बागेतलं नाहीच. कित्येक मैल दूर पाऊस पडतो, ओढ्यांच्या पात्रातल्या भेगांतून चुनखडीत उतरतो आणि इथं वर येतो. वर रंग सोडून पाहिला, तर काही दिवसांत झऱ्यापाशी हजर. म्हणजे वरचं डांबर-तेलही तसंच येणार. म्हणून १९९२ साली तिथल्या मतदारांनी मतदान करून नियम आणला : जिथं पाणी मुरतं त्या पट्ट्यात नव्या बांधकामानं जागेचा १५ टक्क्यांहून जास्त भाग झाकायचा नाही. बागेच्या कुंपणाबाहेरच्या जमिनीला नियम, बाग वाचावी म्हणून.

‘आपल्याकडे चुनखडी कुठंय?’ हा तुमचा टोला खरा आहे. पश्चिम नागपूर काळ्या पाषाणावर बसलंय. सीताबर्डीची टेकडी त्याचीच. यात पाणी राहतं ते भेगांत आणि वरच्या मुरमात, म्हणजे साठा मुळातच तुटपुंजा. वरचा मुरूम झाकला की पाझर लवकर आटतो आणि पाऊस सरळ खाली धावतो. त्यामुळे तुमचा मुद्दा उलट माझ्याच बाजूला येतो, काका.

आपली नाग नदी लावा गावाजवळच्या टेकड्यांतून निघते, अंबाझरीत येते आणि सांडव्यावरून शहरात शिरते. वरच्या अंगाला आता वाडीची गोदामं आहेत, हिंगण्याची एमआयडीसी आहे. तलावात जलपर्णी का माजते, हे काठावर उभं राहून कळायचं नाही. आणि २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट? चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, तलाव ओसंडला, अंबाझरी लेआऊटमध्ये घरात पाणी. तुमच्या जावयाची गाडी त्यात गेली, हे मागे तुम्हीच इथं लिहिलं होतं. काठावर दिवे जास्त असते तर गाडी वाचली असती का?

बाग वाढवायला माझी ना नाही. वाढवा, पण लाव्याकडे वाढवा. उद्या कुठल्याही योजनेचा नकाशा आला तर कारंजी किती ते नंतर मोजू. आधी टेकडी, तिथले नाले आणि सांडवा त्या कागदावर आहेत का ते पाहू. नसतील तर हरकत घ्यायला मी जाईन, तुम्हीही या.

राहिला ट्रॅक. तो मुरमाचा करावा, पेव्हर ब्लॉकचा नको. पाणी मुरतं, हे झालं माझं कारण. माझ्या आईचं कारण वेगळं आहे. तिचे गुडघे तुमच्यासारखेच, आणि नागपूरच्या सिमेंट रस्त्यांवर चालून आली की संध्याकाळी तेल चोळायला मलाच बसावं लागतं.