माळा रिकामा राहू नये म्हणून

दिवाळीच्या तोंडावर घरोघरी आवराआवरी सुरू झाली, की भल्याभल्यांचा निश्चय डळमळतो. कुणीतरी सांगतं, वर्षभर हात लावला नाही ती वस्तू काढून टाका. असल्या सल्ल्याला भुलू नका. हा नियम लावलात तर अर्ध्या घरातून सोऱ्या आणि पुरणयंत्र तेवढं वाचेल, तेही सणांच्या मेहेरबानीवर.

मुळात वस्तू टाकायची नसते, तिची बदली करायची असते. शर्टाची कॉलर विरली की तो घरात घालायला. बटणं गेली की रंगपंचमीला. घरात माणसं चार आणि रंगपंचमीचे शर्ट अकरा झाले, की उरलेले फडक्यांत. इथे मात्र एक तांत्रिक अडचण आहे. फडकं सुती असेल तरच पाणी पितं. हल्लीच्या शर्टांत पॉलिस्टर असतं. त्याने ओटा पुसलात तर पाणी फक्त इकडून तिकडे जातं. म्हणून ते फडकं वापरात येत नाही, वापरात येत नाही म्हणून झिजत नाही, आणि झिजलेलं नाही म्हणून टाकवत नाही. संग्रह वाढवायचा असेल तर कपडे पॉलिस्टरचेच घ्या.

साड्यांचंही तसंच. मऊ झालेल्या सुती लुगड्यांची गोधडी होते, कारण सुती थर एकमेकांना धरून बसतात. जॉर्जेटचे थर सरकतात, धावदोरा ओढला की चुण्या पडतात. तरीही ‘गोधडीसाठी’ म्हणून जॉर्जेटच्या साड्यांचं एक गाठोडं दिवाणात असलंच पाहिजे. गोधडी शिवणार कोण, हा प्रश्न तूर्त काढू नका.

बोहारीण दारात आली तर घाबरून जायचं कारण नाही. ती फाटकं घेत नाही. चांगलं तेवढं उचलते, त्यामुळे फाटकं घरात सुखरूप राहतं. शिवाय घासाघीस करून पाच साड्यांवर मोठा स्टीलचा डबा मिळवलात, तर जागेच्या हिशेबात तुम्हीच फायद्यात. साड्या घडी होऊन बसतात, डबा कुठेच बसत नाही.

स्टीलचा विषय निघालाच आहे तर भांड्यांवर नावं घालून घ्यायला विसरू नका. मशीनने कोरलेलं ‘चि. सौ. कां.’ किंवा ‘यांच्या स्मरणार्थ’ आणि खाली तारीख, एवढं एकदा झालं की ते ताट पुढे आहेरात देता येत नाही. घासून अक्षरं जात नाहीत, गेली तरी पत्र्यावर चरा राहतो. भंगारात द्यावं, तर आजोबांच्या नावाचं ताट तराजूत टाकायला हात धजत नाही. गेल्या दोन-तीन पिढ्यांत घरात वस्तू अडकवून ठेवण्याचा याहून खात्रीचा उपाय कुणाला सापडलेला नाही.

नाव न घातलेल्या वस्तू मात्र फिरत्या ठेवाव्या लागतात, आणि त्याला शिस्त लागते. ओटीचा ब्लाउजपीस साधारण ८० सेंटीमीटरचा. लांब बाह्यांचं ब्लाउज त्यात बसत नाही, आणि आलेला पीस घरातल्या एकाही साडीला जुळत नाही. त्यामुळे तो शिंप्याकडे न जाता पुढच्या ओटीत जातो. प्रत्येक पिसाला कुणाकडून आला त्याची चिठ्ठी लावा, नाहीतर तो फिरून देणारीच्याच ओटीत पडतो. चिठ्ठी टाचणीने लावू नका. पावसाळ्यात टाचणी गंजते आणि कापडाला डाग पडतो. दोऱ्याचा एक टाका पुरे. आणि ओटी भरण्याआधी चिठ्ठी काढा. यात गफलत झाली तर पीस परत येत नाही, नातेवाईकही येत नाहीत. संक्रांतीच्या वाणातल्या प्लॅस्टिकच्या वाट्यांना एवढं जपायला नको. त्या सगळ्या सारख्याच असतात, कुणाची कुणाकडे गेली हे देणाऱ्यालाही ओळखता येत नाही.

स्वयंपाकघरात श्रीखंडाचे डबे जमवताना झाकणं वेगळ्या पिशवीत ठेवा. दोन्ही एकत्र ठेवले तर कुठल्या डब्याला झाकण नाही ते कळेल, आणि मग तो डबा ठेवायला सबब उरणार नाही. कुकरच्या जुन्या रिंगा दाराच्या खिळ्याला अडकवा. हॉकिन्सचं नेहमीचं झाकण आतून बसतं, प्रेस्टिजचं बाहेरून. याची रिंग त्याला चालत नाही. ताठरलेल्या रबरातून वाफ सुटते, म्हणजे ती रिंग मूळच्या कुकरलाही चालत नाही. पण खिळा आहे ना. दारामागच्या पिशव्यांच्या पिशवीला मात्र ऐतिहासिक मोल आहे. महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदीची अंमलबजावणी २३ जून २०१८ पासून सुरू झाली. त्याआधीच्या पातळ पिशव्या बाजारात न्याव्यात तर दंडाची भीती, कचऱ्यात टाकाव्यात तर मनाची टोचणी. मग त्यांनी जायचं कुठे?

चार्जरच्या खणाबद्दल थोडक्यात: नोकियाची जाड पिन, बारीक पिन, आणि जाडीतून बारीक करणारी ती छोटी वायर, तिन्ही हवीत. फोन नसला तरी चालेल. खणात रिमोटमधले जुने सेल असतील तर काढू नका. ते फुटून पांढरी भुकटी बाहेर येते, पट्ट्या गंजतात, आणि रिमोटही ‘दुरुस्त करायच्या’ वस्तूंत जमा होतो.

जुन्या पर्समध्ये ५०० आणि १००० च्या नोटा सापडल्या तर तेवढं सांभाळून. ८ नोव्हेंबर २०१६ ला त्या रद्द झाल्या, आणि २०१७ च्या कायद्याप्रमाणे तुम्हाला एकूण दहापर्यंतच ठेवता येतात. नाण्या-नोटांचा अभ्यास किंवा छंद असेल तर पंचवीस. म्हणजे अकरावी नोट सापडली की लगेच छंद जोपासायला घ्या.

आता माळा. बाथरूमवरचा असेल तर उत्तम. खालची वाफ आणि वरची ओल दोन्ही मिळून कागदाला कसर आणि कापडाला बुरशी लागते, त्यामुळे वरचं कुणी उघडून पाहत नाही. भरताना हलकं मागे, जड पुढे. तांब्याचा बंब असेल तर तो अगदी तोंडाशी. तो एकट्याने खाली उतरत नाही, आणि तो उतरल्याशिवाय मागचं दिसत नाही. बंब विकायचा विषय निघालाच तर ‘दिवाणखान्यात शोभेला ठेवू’ म्हणा. शोभेला ठेवण्याआधी चिंच लावून घासावा लागेल हेही लगेच सांगा. विषय तिथेच संपतो. टीव्हीचं खोकं थर्माकोलसकट ठेवा. पहिल्या वर्षी वॉरंटीसाठी, नंतर घर बदलताना लागेल म्हणून. टीव्ही बिघडून गेला तरी खोकं राहू द्या. त्या थर्माकोलच्या खाचांत दुसरा टीव्ही बसत नाही, पण दिवाळीचा आकाशकंदील बसतो. पैठणी मात्र माळ्यावर नको. ती प्लॅस्टिकमधून काढून सुती पंचात गुंडाळायची, डांबरगोळ्या जरीजवळ ठेवायच्या नाहीत, आणि दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घालायची, नाहीतर रेशीम घडीवरच चिरतं. एवढी निगा ज्या एका साडीची राखायची तिला कपाटात जागा नाही, कारण तिथे रंगपंचमीचे शर्ट आहेत.

एवढ्या तयारीनंतरही एखाद्या रविवारी घरच्यांच्या हट्टाखातर भंगारवाल्याला बोलवावं लागलं, तर भाव आधी विचारू नका. सगळं खाली उतरवा, पुसा, वायरी वेगळ्या करा, आणि मग विचारा. भाव ऐकून ‘एवढ्यासाठी कशाला द्यायचं’ हे आपोआप तोंडून येतं. सगळं परत वर जातं, फक्त आता पुसलेलं.

राहता राहिला धोका घर बदलण्याचा. पॅकर्सवाले सामान बघून ट्रकचा आकार ठरवतात, आणि ट्रकचा आकडा ऐकून माणसं क्षणभर वैराग्याच्या गोष्टी बोलू लागतात. अशा वेळी ‘आता वेळ नाही, तिकडे गेल्यावर निवांत बघू’ एवढं म्हणून खोक्यांवर ‘इतर’ लिहून मोकळं व्हावं. नव्या घरी ‘इतर’ची खोकी न उघडता थेट माळ्यावर चढवा. बाकीची रिकामी झालेली घडी करून त्यांच्या शेजारी ठेवा. पाच पदरी पुठ्ठा आहे, असा विकत घ्यायला गेलात तर महाग पडतो.