‘डिझेल जनरेटर शटरच्या आत चालतो’ म्हणणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

सोलापुरात यंत्रमागवाले, दुकानदार आणि मंडपवाले यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. त्यातले दावे असे: डिझेलच्या धुरात पेट्रोलसारखा विषारी वायू नसतो, म्हणून सायलेंट जनरेटर शटर अर्धं उघडं ठेवून आत चालवा. मेन स्विच पाडा आणि दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर जनरेटरमधून घरातल्या सॉकेटमध्ये घाला, चेंजओव्हरचा (लाइन किंवा जनरेटर यांतलं एकच जोडणाऱ्या स्विचचा) खर्च वाचेल. डिझेल पेटत नाही, चालू मशीनमध्ये ओतलं तरी चालतं. रबरी चाकं असल्यावर अर्थिंग कशाला? ५ केव्हीएवर (केव्हीए म्हणजे जनरेटरच्या क्षमतेचं माप) ५ हजार वॅट बिनधास्त लावा. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं रिकामा चालवून ठेवा. यातल्या पहिल्या दोन सल्ल्यांनी माणसाचा जीव जाऊ शकतो, म्हणून त्यांच्यावर जास्त लिहितो आहोत.

डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलपेक्षा कमी असतो, एवढं खरं आहे, कारण डिझेल इंजिन गरजेपेक्षा जास्त हवा घेऊन इंधन जाळतं. पण ही जास्तीची हवा बंद जागेत मिळत नाही. ५ केव्हीएच्या लहान जनरेटरला साधारण ४०० सीसीचं एकसिलिंडर इंजिन असतं. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर ते मिनिटाला जवळपास ६०० लिटर हवा ओढतं. दहा बाय बाराचा, दहा फूट उंचीचा गाळा घेतला तर त्यात हवा असते सुमारे ३४ हजार लिटर, म्हणजे तासाभरात गाळ्यातल्या हवेइतकी हवा इंजिनातून जाते. तोच धूर पुन्हा आत ओढला गेला की ऑक्सिजन घटतो, जळण अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड वाढत जातो. माग-कारखान्यात आणखी एक भर पडते: सुताचे बारीक तंतू एअर फिल्टरवर बसून तो चोंदतो. चोंदलेला फिल्टर, ओव्हरलोड किंवा खराब नोझल असेल तर ‘कमी विषारी’ हा हिशेबच कोलमडतो.

हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. त्यामुळे तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. एक्झॉस्ट फॅन किंवा अर्धं शटरही पुरत नाही. सायलेंट मॉडेलची पेटी फक्त आवाज अडवते, धूर तितकाच बाहेर येतो. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला आहे.

म्हणून जनरेटर उघड्यावर ठेवा, कोणत्याही दारा-खिडकीपासून किमान ६ मीटर, सायलेन्सरचं तोंड वस्तीपासून उलट दिशेला. ‘कोणत्याही’ म्हणजे शेजाऱ्याच्या आणि वरच्या मजल्याच्याही खिडक्या. सोलापूरच्या पूर्व भागात खाली माग आणि वर घर अशी रचना सर्रास आहे, उन्हाळ्यात वरच्या खिडक्या रात्रभर उघड्या असतात. अरुंद बोळात ठेवलेल्या मशीनचा धूर सरळ तिथे जातो. जनरेटर चालू असताना डोकं दुखणं, मळमळ, चक्कर असं काही जाणवलं तर सगळ्यांनी आधी मोकळ्या हवेत यावं, मग १०८ ला फोन करावा. मशीन बंद करायला आत परत जाऊ नये.

आता दोन पिनांची वायर. एक टोक जनरेटरच्या सॉकेटमध्ये असताना दुसरं निसटलं तर त्याच्या उघड्या पिनांवर २३० व्होल्ट असतात, हा झाला घरातला धोका. घराबाहेरचा याहून भयंकर आहे. मेन स्विच पाडायचा राहिला तर वीज उलटी डीपीकडे, म्हणजे आळीच्या ट्रान्सफॉर्मरकडे जाते. जो ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टचे ४३३ करतो, तोच उलट दिशेने ४३३ चे ११ हजार करतो. महावितरणचा लाइनमन ज्या तारेवर काम करतोय, ती जिवंत होते. यावर उत्तर मिळतं की आळीभराचा लोड पडून जनरेटर लगेच ट्रिप होईल. नेहमी होईलच असं नाही. जवळच तार तुटली असेल किंवा फ्यूज काढून भाग वेगळा केला असेल, तर पलीकडे लोड फारसा राहतच नाही आणि जनरेटर आरामात चालत राहतो. मधेच लाइन आली तर दोन्हीकडचे फेज जुळत नाहीत, प्रचंड करंट वाहतो आणि अल्टरनेटरचं वाइंडिंग जळतं.

‘मी मेन पाडायला विसरत नाही’ यावर कुणाचा जीव टांगू नये. सिंगल फेजला दोन पोलचा आणि थ्री फेजला चार पोलचा चेंजओव्हर, मधे ‘बंद’ची जागा असलेला, परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्या. त्यात न्यूट्रलही तुटतो आणि दोन्ही बाजू एकाच वेळी जोडल्याच जाऊ शकत नाहीत.

डिझेलबद्दल: भारतीय मानकानुसार त्याचा ज्वलनबिंदू (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते) किमान ३५ अंश असला की ते पास होतं. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, म्हणजे कॅनमधल्या डिझेलवर पेटू शकणारी वाफ असू शकते. तापलेल्या सायलेन्सरवर सांडलं तर ठिणगीचीही गरज नाही. मशीन बंद करा, पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, मग फनेलने भरा. टाकी काठोकाठ भरू नका, उन्हात डिझेल फुगतं. पण पूर्ण रिकामीही होऊ देऊ नका, नाहीतर डिझेलच्या नळीत हवा शिरते आणि पंपाचा बोल्ट ढिला करून ती काढत बसावं लागतं.

अर्थिंगचा चाकांशी संबंध नाही. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर लोखंडी सांगाडे, पत्रे आणि जमिनीवरून गेलेल्या केबल असतात. कुठे वायर सोलली तर करंट सांगाड्यावर येतो. ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) लावा, पण एक लक्षात घ्या: अनेक लहान जनरेटरांत न्यूट्रल फ्रेमला जोडलेला नसतो. अशा वेळी गळतीच्या करंटला परतीची वाट नसते आणि आरसीसीबी पडत नाही. टेस्टचं बटण दाबून ती पडली म्हणून निर्धास्त होऊ नका, ते बटण अर्थिंगशिवायही चालतं. मॅन्युअल पाहून वायरमनकडून जोडणी तपासून घ्या. सुकलेल्या मातीचा रोध वाढतो, म्हणून उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहा.

लोडचा हिशेब सोपा आहे. ०.८ पॉवर फॅक्टरने (केव्हीएतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) ५ केव्हीए म्हणजे ४ किलोवॅट, आणि सलग चालवायला त्यातले तीन-सव्वातीनच धरा. १ एचपीची मोटर चालताना साधारण १ किलोवॅट घेते, पण सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते. सगळे माग एकदम सुरू करू नका, मोठी मोटर आधी, बाकीच्या एकेक करून. २१-२२ अँपिअरला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल वापरा, आणि ती गुंडाळून ठेवू नका, तापते.

आठवड्यातून एकदा चालवण्याचा सल्ला बरोबर आहे, रिकामा चालवण्याचा नाही. लोड नसेल तर इंजिन नीट तापत नाही, अर्धवट जळालेलं डिझेल सायलेन्सरमध्ये काजळी होऊन बसतं. सपाट जागेवर ऑइलची पातळी पाहा, दोन-तीन मिनिटं रिकामा चालवून व्होल्टेज तपासा, मग निम्म्या लोडवर अर्धा तास चालवा. थांबवताना आधी लोड काढा, तीन ते पाच मिनिटं तसाच चालू द्या आणि मग बंद करा.