चलान चुकीचं असेल तर लोकअदालतीची वाट बघू नका

लातूर-नांदेडकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मेसेज फिरतोय: 'ई-चलान भरू नका, लोकअदालतीत सगळं माफ होतं.' हे खरं नाही. तिथं तडजोड होते, तीही दोन्ही बाजू तयार असतील तरच. निवाड्यावर अपील नाही. तडजोड जमली नाही तर प्रकरण न्यायालयातच जातं.

चलानच चुकीचं असेल तर तडजोड कशाला? आधी चलानसोबतचा फोटो उघडा. गाडीचा रंग, मॉडेल, जागा, वेळ नीट बघा. आपली मोटारसायकल औशात उभी आणि फोटोत तोच नंबर लावलेली दुसरीच गाडी, असंही असू शकतं. पैसे भरण्याआधीच वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर आरसी आणि गाडीचे फोटो जोडून तक्रार टाका. नंबरप्लेट बनावट वाटली तर पोलीस ठाण्यातही लेखी द्या, पोच मागून घ्या.