आगीत लिफ्टने उतरा म्हणे! बुर्ज खलिफाच्या नावाने फिरणारा मेसेज

दुबईतल्या, जगात सर्वांत उंच असलेल्या इमारतीबद्दल ‘बुर्ज खलिफाची 5 थक्क करणारी सत्यं’ असा एक मेसेज सध्या कोल्हापुरात या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. ताराबाई पार्कात नवव्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या आत्तीपर्यंत तो पोचला. तिचे गुडघे दुखतात. फोनवर म्हणाली, “बरं झालं बघ, आता आगीत पण लिफ्टनं उतरता येतंय.” हे ऐकल्यावर गप्प बसणं शक्य नव्हतं.

चौथा मुद्दा असा: ‘दुबईत आग लागली की लोक लिफ्टने उतरतात. आपणही लिफ्टच वापरा.’ यात थोडं तथ्य आहे, हे नाइलाजानं मान्य करतो. बुर्ज खलिफात ठरावीक लिफ्ट काही प्रसंगी नियंत्रित सुटकेसाठी वापरता येतील अशी सोय केलेली आहे. पण ती सोय 163 मजल्यांची इमारत आखतानाच केलेली. शिवाय तिथं मधल्या मजल्यांवर हवेचा दाब राखून धूर बाहेर ठेवणाऱ्या आसऱ्याच्या जागा आहेत. आपल्या अपार्टमेंटच्या साध्या लिफ्टला यातलं काय आहे? आगीत वीज जाते आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकते. लिफ्टचा शाफ्ट धुराड्यासारखा धूर वर ओढतो. जळत्या मजल्यावरच दार उघडलं तर संपलंच.

भारताची राष्ट्रीय इमारत संहिता, 2016 काढून बघा. 15 मीटर किंवा त्याहून उंच इमारत तिच्या लेखी बहुमजलीच, आणि आगीत सुटकेचा मार्ग म्हणून ती जिनाच धरते, नेहमीची लिफ्ट नव्हे. फायर लिफ्ट असते ती अग्निशमन दलासाठी.

आत्तीला मी सांगितलं ते सगळ्यांनाच सांगतो. सावकाश का होईना, कठड्याला धरून जिन्यानंच उतरायचं. जिन्यात धूर असेल तर घरात परत यायचं, दार लावायचं, फटीत ओली चादर कोंबायची, बाल्कनीत थांबायचं आणि 101 ला फोन करायचा. आणि जिन्यात ठेवलेली चपलांची कपाटं, जुन्या सायकली आजच हलवा.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. ‘बुर्ज खलिफा पायाशिवाय वाळूवर उभी आहे.’ साफ खोटं. 3.7 मीटर जाडीचा काँक्रीटचा राफ्ट, म्हणजे सलग थर, आणि त्याखाली जमिनीत खोल गेलेले दीड मीटर व्यासाचे 192 पाइल, म्हणजे खांब आहेत. ‘वाऱ्यात हलणारी इमारत कच्ची.’ उंच इमारत थोडी हलतेच, तसाच हिशेब केलेला असतो. तैवानच्या तैपेई 101 या इमारतीत तर ते हेलकावे कमी करायला 660 टनांचा गोळा टांगलाय. ‘वरचा भाग नुसता दिखावा.’ हे बऱ्याच अंशी खरं. 828 मीटरपैकी वरच्या सुमारे 244 मीटरमध्ये कुणी राहू शकत नाही.

पाचवा मुद्दा, ‘दर दहा वर्षांनी उंची दुप्पट होते’, म्हणजे जगातल्या सर्वांत उंच इमारतीची. अमेरिकेतली 1931 ची एम्पायर स्टेट 381 मीटर, तिथलाच 1974 चा सिअर्स टॉवर 442. त्रेचाळीस वर्षांत 61 मीटर वाढले. 2004 च्या तैपेई 101 च्या 508 वरून 2010 मध्ये थेट 828, ही उडी खरोखरच मोठी. पण दुप्पट तीही नाही, आणि त्यानंतर तो आकडा कुणी ओलांडलेला नाही. हजार मीटरच्या वर जायला निघालेल्या सौदी अरेबियातल्या जेद्दाह टॉवरचं काम 2018 ला थांबलं, ते 2025 मध्ये पुन्हा सुरू झालं.

हे आकडे चुकले तर कुणाचा जीव जात नाही. लिफ्टच्या मुद्द्यानं जाऊ शकतो. ज्यांनी मेसेज पुढं ढकलला, त्यांनी त्याच ग्रुपवर ‘चौथा मुद्दा चुकीचा आहे’ एवढं आजच लिहावं.