दुधीला इंजेक्शन देतात म्हणे! आधी मांडवाखाली येऊन बघा

उन्हाळा लागला की तोच मेसेज पुन्हा फिरायला लागतो. ‘शेतकरी दुधीला संध्याकाळी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात, सकाळी तो फूटभर वाढलेला असतो. असा दुधी खाऊन मुली लवकर वयात येतात. लांब, सरळ, एकसारखा हिरवा दुधी घेऊ नका. कडू लागला तर औषधाचाच समजा. भाजीवाल्याला विचारून बघा, त्याचा चेहरा पडेल.’ सोबत व्हिडिओ: कुणाचा तरी हात, सुई आणि दुधी. मोहोळ तालुक्यात आमचं थोडं रान आहे. त्यात दुधी-दोडक्याचा मांडव असतो आणि माळवं सोलापूरच्या बाजारात जातं. त्यामुळे या मेसेजला ओळीओळीने उत्तर देणं मला भाग आहे.

ऑक्सिटोसिन हे माणसाच्या आणि जनावराच्या शरीरातलं संप्रेरक. त्याने गर्भाशय आकुंचन पावतं, पान्हा सुटतो. दूध काढण्यासाठी म्हशींना ते चोरून टोचलं जातं, हे खरं आहे आणि ते वाईटच आहे. पण वेलीला ना गर्भाशय, ना कास. फळ वाढतं ते परागीभवनाने. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, रात्री पतंग आणि पहाटे मधमाश्या त्यावर येतात, मादी कळीचं सेटिंग (फळधारणा) झालं की आत बी धरतं आणि त्या बियांच्या जोरावर फळ लांबतं. तिथून काढणीपर्यंत साधारण 12 ते 15 दिवस जातात. पाणी आणि ऊन व्यवस्थित असेल तर दोन दिवसांत फळात डोळ्यांना दिसण्याइतका फरक पडतो. हा वेलाचा स्वभावच आहे.

आता टोचण्याचं बघू. फळमाशी कोवळ्या दुधीला डंख करून सालीखाली अंडी घालते. ते छिद्र सुईच्या टोकाएवढंही नसतं. तरी तिथून रस पाझरतो, डिंकासारखा थेंब गोठतो, फळ त्या बाजूला वाकतं आणि पुढे सडतं. असं फळ आम्ही तोड्यातच बाजूला काढतो, कारण आडत्या त्याला हात लावत नाही. या माशीसाठीच आम्ही मांडवात क्यू-ल्यूरचे, म्हणजे नर माशीला वासाने ओढणारे सापळे लावतो. जो शेतकरी एका डंखाला इतका घाबरतो, तो आपल्या हाताने प्रत्येक फळाला भोक पाडेल? शिवाय ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंश तापमानात ठेवावं लागतं. सोलापूरचा मे महिना बेचाळिशीच्या पुढे जातो आणि आमच्या रानात सावलीला एक लिंबाचं झाड आहे.

पण सगळ्यात मोठी चूक वेगळीच आहे. दुधी मोठा झाला की जास्त पैसे मिळतात, असं हा मेसेज धरून चालतो. बाजारात उलटं आहे. गिऱ्हाईक नख रुतवून बघतं. नख सहज गेलं, सालीवर लव असली की कोवळा. एक तोडा दोन दिवस लांबला तर दुधी जून होतो, बी टणक होतं, आणि सवालात, म्हणजे लिलावात, त्या कॅरेटला निम्माही भाव येत नाही. म्हणून तर लग्नसराईतसुद्धा घरातलं कुणीतरी तोड्याला मागे थांबतं. फळ वेळेत आवरणं हीच आमची धडपड असते, त्याला रातोरात फुगवून आम्ही करायचं काय?

सरळ आणि एकसारखा हिरवा दुधी मांडवाचा असतो. वेल जमिनीवर सोडला की फळ वाकतं आणि टेकलेल्या बाजूला पिवळा डाग पडतो. तारेवरून लोंबकळलं की आपल्या वजनाने सरळ वाढतं, ऊनवारा सगळीकडून लागतो. वाणाचाही भाग असतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं ‘सम्राट’ वाण 30 ते 40 सेंटिमीटर लांब, नळीसारखं फळ देतं. बांबू, तार आणि मजुरीवर खर्च करून जो दुधी चांगला पिकवला, नेमका तोच घेऊ नका म्हणून सांगितलं जातंय. याचा मला राग येतो.

मुली वयात येण्याचं म्हणाल, तर ऑक्सिटोसिनचा त्याच्याशी संबंध नाही. पोटात गेलं तरी ते पचून जातं, म्हणून तर बाळंतपणात डॉक्टर ते इंजेक्शनने किंवा सलाइनमधून देतात.

कडूपणाचं मात्र नीट ऐका, कारण इथे जिवाशी गाठ आहे. दुधी कडू होतो तो कुकुरबिटासिन या वेलवर्गातल्या नैसर्गिक द्रव्याने. पाण्याचा ताण, कडक ऊन किंवा बियाण्यातला दोष, यातलं काहीही कारण असू शकतं. फवारणी न केलेला परसातला दुधीही कडू निघतो. कडू दुधीचा रस पिऊन लोकांना रक्ताच्या उलट्या झाल्या आहेत, काही दगावलेही आहेत. ‘घरचा आहे, इंजेक्शनचा नाही’ म्हणून कडू रस कुणी रेटून प्यायला, तर त्याला हा मेसेजही जबाबदार असेल. चिरल्यावर तुकडा जिभेला लावा. कडू लागला तर थुंका आणि अख्खा दुधी टाकून द्या. शिजवून कडूपणाचा धोका जात नाही.

राहिलं चेहरा पडण्याचं. मंडईत एका मावशींनी माझ्या आईला विचारलं, ‘इंजेक्शनचा नाही ना गं?’ आईला पटकन बोलता आलं नाही. पहाटे तोडा करून आलेल्या बाईला विष विकतेस का म्हटलं तर तिचा चेहरा पडणारच. त्याला कबुली समजू नका.

आम्ही काहीच मारत नाही, असंही नाही. मादी फुलं वाढावीत म्हणून वेल दोन-चार पानांवर असताना इथ्रेल या संजीवकाची फवारणी करतात, तेव्हा फळाचा पत्ताही नसतो. भुरी या बुरशीच्या रोगावर आणि किडीवर औषधं मारावी लागतात. प्रत्येक औषधाच्या लेबलवर किंवा सोबतच्या पत्रकात फवारणीनंतर किती दिवसांनी तोडा करायचा ते लिहिलेलं असतं. भाव चढला की काही जण तेवढे दिवस थांबत नाहीत. तेव्हा मावशी, विचारायचंच असेल तर ‘शेवटची फवारणी कधी केली?’ असं विचारा. आमच्या वहीत तारीख लिहिलेली असते.